ई-चलान भरायचे कुठे : पोलिसांचे संकेतस्थळ, परिवहन पोर्टल की फोनमधले पेमेंट अ‍ॅप?

खानदेशातील गाडीमालकाला ई-चलानाचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा थोडा वेगळा पडतो. एमएच १८, १९ किंवा ३९ पासिंगची गाडी आज जळगावच्या आकाशवाणी चौकात उभी असते, उद्या नवापूर ओलांडून सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या नातेवाइकांकडे गेलेली असते, आणि केळीची गाडी असेल तर रावेरहून बऱ्हाणपूरमार्गे थेट उत्तरेची वाट धरते. एकाच वाहनावर दोन-तीन राज्यांचे दंड साचलेले असणे आपल्याकडे नवलाचे नाही. म्हणून दंड कुठे पाहायचा आणि कुठे भरायचा, हा प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही. हे सर्व मार्ग मी आमच्या घरच्या गाड्यांसाठी वापरून पाहिले आहेत, आणि ज्यांनी अजून एक मार्ग पक्का केलेला नाही त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, असे वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात दंड करणारी यंत्रणा एक नाही. चौकातला वाहतूक पोलीस किंवा शहरातला कॅमेरा जे चलान करतो, ते वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर दिसते. महामार्गावर आरटीओचे वायुवेग पथक कागदपत्रे किंवा जादा भार तपासून जे चलान करते, ते केंद्राच्या परिवहन पोर्टलवरील ई-चलान विभागात नोंदवले जाते. मालवाहू गाडीचा मालक पहिल्या ठिकाणी ‘काहीही बाकी नाही’ असे पाहून निश्चिंत होतो आणि पुढे गाडी विकताना, नाहरकत दाखल्याच्या वेळी, दुसऱ्या ठिकाणचा दंड समोर येतो. त्यामुळे पाहण्यापुरती तरी दोन्ही ठिकाणे उघडावीत, असे माझे मत आहे. निवडीचा प्रश्न खरा उरतो तो भरण्याचा.

परिवहन पोर्टलचे सामर्थ्य त्याच्या विस्तारात आहे. चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा लायसन्स क्रमांक यांपैकी काहीही हाताशी असले तरी शोध घेता येतो, मोबाइलवर ओटीपी येतो आणि केंद्राची प्रणाली वापरणाऱ्या राज्यांतील दंड एकत्र दिसतात. ज्यांची गाडी सेंधवा, इंदूर किंवा त्याहून पुढे नियमित जाते, त्यांना याला पर्याय नाही असेच म्हणावे लागेल. गुजरातचे मात्र वेगळे लक्षात ठेवावे. तिकडे ज्याला लोक ‘ई-मेमो’ म्हणतात, तो भरण्यासाठी त्या राज्याचे स्वतःचे संकेतस्थळही आहे, आणि सुरतेला जाणाऱ्यांनी ते एकदा तपासून घेतलेले बरे. एखादे जुने चलान न भरल्यामुळे व्हर्च्युअल कोर्टाकडे, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयाकडे, गेले असेल, तर ते पुढे व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावरच मिटवावे लागते, हेही या वाटेवर चालणाऱ्याला माहीत असावे.

खाजगी पेमेंट अ‍ॅपची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. वीजबिल आणि मोबाइलचे रिचार्ज आपण जिथून करतो, तिथेच दंडही भरता येतो. नवीन काही शिकावे लागत नाही, भाषा ओळखीची असते, आणि वयस्कर माणसाला तर हाच मार्ग सर्वांत सोपा वाटतो. काही अ‍ॅप वरून थोडे सुविधा शुल्क घेतात, पण तेवढ्यावरून मी हा मार्ग नाकारला नसता.

मला तो सोडायला लावणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती अशी की मी वापरत होतो त्या अ‍ॅपमध्ये चलानाचा फोटो दिसत नव्हता. वाहन क्रमांक टाकला की एक रक्कम, एक तारीख, एखादे कलम आणि खाली पैसे भरण्याचे बटण, एवढेच पडद्यावर येत असे. गाडी कोणाच्या हातात होती, चौक कोणता होता, मुळात ती गाडी आपलीच होती का, यांपैकी कशाचेही उत्तर तिथे मिळत नव्हते. ही उणीव एकट्या माणसाला कदाचित किरकोळ वाटेल. आमच्यासारख्या घरात, जिथे मोटारसायकल वडिलांच्या नावावर असते, सकाळी भाऊ शेतात नेतो, दुपारी पुतण्या कॉलेजला नेतो आणि संध्याकाळी मी बाजारात नेतो, तिथे फोटोशिवाय आलेला पाचशे रुपयांचा दंड म्हणजे घरात निष्कारण वाद.

त्यातच एकदा हेल्मेट नसल्याचे एक चलान आमच्या गाडीवर आले, आणि त्या तारखेला गाडी अंगणातच उभी असल्याची सर्वांना खात्री होती. अ‍ॅपमध्ये रक्कम तयारच होती. वडील म्हणाले, ‘भरून टाक बाबा, पोलिसांशी कोण वाद घालणार.’ मी पोलिसांचे संकेतस्थळ उघडून तेथील फोटो मोठा करून पाहिला. गाडी त्याच कंपनीची, रंगही जवळपास तोच. परंतु मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांचे वेल्डिंग केलेले होते, आणि नंबरप्लेटवरचा १ पेंटरने इतका वळणदार काढला होता की तो पहिल्या नजरेला ७ वाटत होता. आमच्या क्रमांकात त्या जागी ७ आहे. मी तो फोटो, आमच्या गाडीचा मागून काढलेला फोटो आणि आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत जोडून तिथेच उपलब्ध असलेल्या तक्रारीच्या सोयीतून हरकत नोंदवली, आणि काही काळाने ते चलान आमच्या नावावरून निघाले. ज्या ठिकाणी फोटोच दिसत नाही, तिथे हे सगळे सुरूच झाले नसते.

फोटो पाहण्याचा आग्रह हा काही माझा हट्ट नाही, त्याला नियमाचा आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या १६७-अ या नियमानुसार कॅमेऱ्याने नोंदवलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवली जावी, आणि तिच्यासोबत गुन्हा व नंबरप्लेट दिसेल असा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू केलेले कलम असावे, अशी अपेक्षा आहे. जो पुरावा पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे तो न पाहता पैसे भरणे मला पटत नाही, रक्कम कितीही लहान असली तरी.

पोलिसांच्या संकेतस्थळावर जाचक काही नाही, असे मी म्हणणार नाही. वाहन क्रमांकाबरोबर चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागितले जातात, आणि ते कोणाच्याच तोंडपाठ नसतात. माझा उपाय साधा आहे: डिजिलॉकरमधील आरसी उघडायची आणि घरातल्या प्रत्येक गाडीचे ते आकडे फोनमध्ये एकदाच टिपून ठेवायचे. पडद्याची मांडणी पेमेंट अ‍ॅपइतकी गुळगुळीत नाही, हेही मान्य. मात्र त्याच जागी फोटो दिसतो, अनेक चलाने असतील तर हवी ती निवडून भरता येतात, यूपीआय चालते आणि पावती लगेच मिळते; महाराष्ट्रातील पोलिसांच्या चलानासाठी याहून अधिक काही लागते, असे मला तरी वाटत नाही. त्यांच्याच मोबाइल अ‍ॅपवरही हेच काम होते, पण फोटो बारकाईने पाहायचा असेल तर मी संगणकाचा मोठा पडदा पसंत करतो.

चौकातील पोलिसाकडील यंत्रावर तिथल्या तिथे दंड भरण्याचा मार्ग ज्यांचे चलान समोरासमोर झाले आहे त्यांच्यासाठी ठीक आहे, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. लोकअदालतीची वाट पाहणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते, प्रलंबित चलानांच्या नोटिसा तिच्यासाठी येतात, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर पुढे अपील नसते. मोठी थकबाकी असलेल्या मालवाहू गाडीसाठी तो विचार योग्य ठरू शकेल. एखाद-दुसऱ्या चलानासाठी एवढे थांबण्यात मला विशेष लाभ दिसला नाही.

एक सावधगिरी मात्र सर्वच मार्गांना लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते आणि ती उघडताच फोनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊन खात्यातले पैसे जातात. खरे चलान अशा फाइलच्या रूपाने येत नाही. एसएमएसमध्ये दुवा आला तरी त्यावर बोट न ठेवता पत्ता स्वतः टाइप करावा आणि शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे ना, हे पाहूनच पुढे जावे.

आणि गाडी जुनी, म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेली असेल, तर कोणताही मार्ग निवडण्याआधी नोंदणीतील मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. धुळे, मालेगाव, सुरत येथून घेतलेल्या कितीतरी गाड्यांचे एसएमएस आजही पहिल्या मालकाच्या फोनवर जातात, तो ते पुसून टाकतो, आणि नवीन मालकाला थकबाकी कळते ती थेट नाकाबंदीत. परिवहन पोर्टलवर वाहनाशी निगडित सेवांमध्ये क्रमांक बदलण्याची सोय आहे; चॅसी, इंजिन क्रमांक आणि नोंदणीची माहिती समोर ठेवून बसल्यास हे काम घरबसल्या होते.