ढोपर खरचटलं तर काय लावायचं: साधं गॉझ, जेलीवाली जाळी की हायड्रोकोलॉइड

जुलैत गोव्यात चोडण बेटाच्या फेरीबोटीत चढताना रॅम्पवरच्या शेवाळावर स्कूटर सरकली आणि डावं ढोपर आणि कोपर दोन्ही सोलवटून निघाली. खोल काही नव्हतं, पण ढोपरावरची अर्ध्या तळहाताएवढी साल गेलेली, जखमेतून पाण्यासारखी लस गळतेय, आणि वर पावसाचे दिवस. फार्मसीत जे जे मिळतं त्यातलं बरंच मी तेव्हा वापरलं, ढोपरावर एक आणि कोपरावर दुसरं असंही केलं, म्हणून कोणी विचारात पडलं असेल तर माझा अनुभव सांगतो. मी डॉक्टर नाही, तुमची कातडी वेगळी वागू शकते.

धुण्याचं सगळ्यांना माहीत असतं, तरी एक सांगतोच. आपल्याकडची तांबडी माती आणि बारीक खडी आत राहिली तर वरून कातडी येते आणि खाली काळा डाग कायमचा राहतो. नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धरायचं, चरचरलं तरी, आणि उरलेले खडे स्वच्छ कपड्याने किंवा चिमट्याने काढायचे, निघत नसतील तर दवाखान्यात जायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर मातीच्या जखमेला परत घ्यावं लागतं, मी दुसऱ्या दिवशी जाऊन घेतलं.

आता साधं गॉझ, बीटाडीन आणि मायक्रोपोअर, म्हणजे कागदी चिकटपट्टी. घरोघरी हेच असतं, स्वस्त आहे, आणि पहिल्या रात्री मीही हेच केलं. सकाळी पट्टी काढायला गेलो तर गॉझ जखमेतच वाळून बसलेलं. लस सुकते तेव्हा गॉझचे धागे त्यात रुततात आणि तुम्ही ओढलंत की रात्रभरात आलेली नाजूक कातडी धाग्यांबरोबर वर येते. मी कोमट पाणी घालून वीस मिनिटं बसलो, एक कोपरा सुटला, मग दुसरा, पण मधला भाग काही सोडेना, शेवटी ओढलाच आणि परत रक्त. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर अंघोळीची वेळ आली की पोटात गोळा यायचा, आणि लहान पोरांचं काय होत असेल ते तेव्हा कळलं. मला विचाराल तर साध्या गॉझचा विषय माझ्यासाठी तिथेच संपला.

उघडं ठेवून खपली धरू द्यावी असं आमच्या घरात सगळे म्हणत होते, आईचा तर आग्रहच होता की वारा लागू दे. बारीक खरवडीला चालतंही. पण ढोपर वाकतं तिथे खपली रोज तडकते, आणि ओलसर झाकलेली जखम लवकर भरते हे जुनंच आहे, १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर ते दाखवलं होतं, प्लास्टिकच्या पातळ फिल्मखाली नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने आली. खपली असली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं, ओलाव्यात त्या सरळ पसरतात.

त्या हिशोबाने हायड्रोकोलॉइड उत्तम. चामड्यासारखी जाडसर चिकटपट्टी, लस शोषून आत जेल तयार होतं, तीन-चार दिवस हात लावायची गरज नाही, ठणकाही कमी. कोपराला मी तीच लावली आणि पहिला दिवस खूश होतो. (काढल्यावर आत पिवळट बुळबुळीत आणि वास येतो, घाबरू नका, ते बहुतेक जेलच असतं, पू वेगळा. भोवती लाली पसरत असेल, गरम लागत असेल, ताप असेल तर मात्र झाकून बसू नका, डॉक्टरकडे जा.) अडचण इथल्या हवेची. घामाने कडा गुंडाळल्या गेल्या, शर्टाच्या बाहीला चिकटल्या, कडेने जेल बाहेर आलं आणि चार दिवसांची पट्टी दीड दिवसात बदलावी लागली, आणि ती स्वस्त नाही. डिसेंबर-जानेवारीत किंवा एसी ऑफिसात बसणाऱ्याला कदाचित हीच बरी पडेल, टाचेवर बूट चावला तर मीही तीच लावीन.

ढोपराला शेवटी लावली ती पॅराफिनची जाळी, म्हणजे व्हॅसलीनसारखं पॅराफिन लावलेलं जाळीदार कापड, फार्मसीत जेली गॉझ म्हटलं तरी देतात. दहा बाय दहा सेंटीमीटरचा चौकोन, निर्जंतुक पाकिटात एकेक. साधी घेतली तरी चालते, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावलेलीही मिळते, पण त्याची ॲलर्जी असेल तर टाळा. जखमेच्या मापाची कापायची, चांगल्या कातडीवर जास्त आली तर ती पांढरी पडून भिजल्यासारखी होते. वर साध्या गॉझची घडी आणि त्यावर रोलर बँडेज, कारण मायक्रोपोअर घामाने सुटतो. दीड-दोन दिवसांनी बदलायची, जास्त ठेवली तर तीही सुकून धरते. कटकट आहेच, वर घडी लागतेच, पँटला तेलकट डाग पडतात. पण पहिल्यांदा काढली तेव्हा मी पाणी घेऊन तयारीत बसलो होतो आणि ती नुसती उचलली की आली, खाली कातडी गुलाबी, ओली, रक्ताचा थेंब नाही. मला तेवढं पुरलं. आठ-नऊ दिवसांत ढोपर भरलं. कोपरही साधारण तेव्हाच भरलं, म्हणजे वेगात दोघांत मला काही फरक दिसला नाही.

बीटाडीन मी पहिल्या दिवसानंतर बंद केलं, रोज रोज ओतलं तर नव्या पेशींनाही त्रास होतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच. डायबेटिस असलेल्यांनी, किंवा चेहऱ्यावर लागलं असेल तर घरचे प्रयोग करू नयेत. भरल्यावर काही महिने ऊन लागू देऊ नका, नवी कातडी काळवंडते.

जाळीची चार-पाच पाकिटं मी आता घरच्या कपाटात ठेवतो. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात पॅराफिन वितळून पाकिटाच्या एका कोपऱ्यात जमतं आणि जाळी कोरडी निघते. डिकीत पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ रुमाल एवढंच असतं, घरी पोचेपर्यंत तेवढं चालतं.