दीड लिटरची हायड्रेशन वेस्ट आणि तिचा गळका व्हॉल्व्ह

धावताना पाणी पाठीवर न्यायची, दिवाळीनंतर घेतलेली ही वेस्ट आता पाऊस लागेपर्यंत वापरून झाली. मार्चमध्ये लिहिलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. मे महिन्यात लिहिलं असतं तर हातही लावू नका. आज लिहितोय ते मुख्यतः पाण्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या, तोंडात धरायच्या सिलिकॉनच्या व्हॉल्व्हबद्दल, कारण कप्पे किती, वजन किती हे सगळीकडे सापडतं, व्हॉल्व्हबद्दल मात्र कोणी एक ओळ लिहीत नाही.

आधी आमच्याकडची गरज सांगतो. शहरातल्या स्पर्धेत दोन-अडीच किलोमीटरवर पाण्याचं टेबल असतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात सकाळी टपरी लवकर उघडत नाही, आणि दोन गावांच्या मधला हातपंप चालू असेल याचा भरवसा नाही. ‘पहाटे चारला निघा, ऊन लागणार नाही’ असं नागपूरचे मित्र सांगतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथल्या बोराटीजवळ अवनी ही नरभक्षक ठरवलेली वाघीण मारली गेली. त्याआधीचा काळ ज्यांनी इथे काढलाय, ते अंधारात पऱ्हाटीच्या कडेनं एकटे धावत नाहीत. मी उजाडल्यावरच निघतो. म्हणजे २५ किलोमीटरचा रन असेल तर मे महिन्यात परतीची वाट उन्हातलीच. पोलीस भरतीच्या पोरांना १६०० मीटरसाठी यातलं काही लागत नाही, पण दोन तासांच्या वर धावणाऱ्याला पाणी अंगावर न्यावंच लागतं.

वेस्ट म्हणून माल उत्तम आहे. छातीचं माप घेऊन मागवा, शर्टाच्या साइजवर जाऊ नका. पट्टे ब्लॅडर (पाठीवरची पाण्याची पिशवी) भरलेली असताना आवळायचे आणि पाणी निम्मं झालं की पुन्हा एकदा ओढायचे, नाहीतर खांदे सोलतात. पाणी आत डुचमळतं ते हवेमुळे. ब्लॅडर भरून बंद केल्यावर उलटी धरा आणि नळीतून हवा ओढून घ्या, आवाज बंद. सुरुवातीला गावात सगळे विचारायचे, “फवारणीले चालला का बे?” आता कोणी विचारत नाही.

उन्हाळ्यात नळी तापते आणि पहिला घोट चहासारखा लागतो. यावर उपाय सोपा आहे: पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी परत ब्लॅडरमध्ये ढकलायचं. रात्री ब्लॅडर अर्धी भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवली आणि सकाळी वरून माठातलं पाणी ओतलं, की पाठीला जो गारवा लागतो त्यासाठी मी या वेस्टचे बरेच गुन्हे माफ करतो. ओआरएस मात्र ब्लॅडरमध्ये घालू नका. साखरेमुळे नळीत बुरशी धरते आणि ती काढता काढता जीव जातो. एका लिटरचं पाकीट घरी एका लिटरमध्येच कालवायचं, अर्धं पुढच्या खिशातल्या अर्ध्या लिटरच्या सॉफ्ट फ्लास्कमध्ये (मऊ बाटलीत), अर्धं परत आल्यावर प्यायला. पाकीट अख्खंच्या अख्खं फ्लास्कमध्ये ओतणारे पाहिलेत, तसं करू नका, ते फार घट्ट होतं.

आता व्हॉल्व्ह. मार्चअखेरीस टीशर्टची डावी बाजू ओली व्हायला लागली. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार भयंकर, भांड्यांवर पांढरा थर बसतो. त्याचेच कण व्हॉल्व्हच्या, पाणी येतं त्या चिरेत अडकत असतील म्हणून व्हॉल्व्ह निंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवला. फरक पडला, पण आठवडाभरच. मग उन्हात धरून दोन बोटांनी दाबून पाहिलं तर चिरेच्या एका टोकाला तांदळाच्या कणीएवढी फाट होती. थेंब पडतो सेकंदाला एक. बघायला काहीच वाटत नाही. माझी बहीण आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे, तिनं सलाइनचा हिशोब लावला: २० थेंबांना एक मिली, म्हणजे तासाला १८० मिली. दोन तासांत ३६० मिली, दीड लिटरातला जवळपास चौथा हिस्सा, तोही एकही घोट न घेता! शहरात हे शर्ट ओलं होण्यावर भागतं. इथे ते परतीच्या वाटेचं पाणी आहे. वर ओल्या कापडानं छाती सोलते ते वेगळंच, खोबरेल तेल लावूनही.

कंपनीला मेल केला. त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. उत्तर आलं की व्हॉल्व्ह ‘झिजणारा भाग’ आहे, वॉरंटीत बसत नाही. बरं, विकत द्या म्हटलं. सुटा मिळत नाही, पूर्ण ब्लॅडर घ्या, नऊशे रुपये. बोटाच्या पेराएवढ्या रबरासाठी नऊशे! तेही द्यायला तयार झालो, तर आमचा पिनकोड त्यांच्या कुरिअरच्या यादीत नाही. पोस्टानं पाठवा, आमच्या गावात पोस्टमन रोज येतो, हे मी तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. वेस्ट विकताना हाच पिनकोड चालला होता, याचा राग मला अजून आहे.

दरम्यान नळी दुमडून तिला सायकलच्या ट्यूबची रिंग चढवली. गळती थांबते, पण दर घोटाला दोन्ही हात लागतात. एकानं फवारणी पंपाची तोटी बसवून देतो म्हटलं. नवी कोरी असली तरी ठाम नाही म्हणा. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते आठवा. फवारणीच्या सामानातली कुठलीही वस्तू तोंडाला लावायची नाही.

शेवटी नळीचं आतलं माप घेतलं, पाव इंच निघालं. बऱ्याच ब्रँडची नळी याच मापाची असते हे तेव्हा कळलं. नागपूरला जाणाऱ्या भाच्याकडून दुसऱ्याच ब्रँडचा, बंद करायची कळ असलेला व्हॉल्व्ह आणवला, दोनचा जोड अडीचशेत. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि दाबून बसवला. तेव्हापासून एक थेंब नाही, आणि मेमधलं माझं मत तिथेच बदललं. वेस्ट पुन्हा आवडीनं घालतो. थंडीत ब्लॅडर काढून नुसत्या दोन फ्लास्कवर धावेन, दीड किलो वजन विनाकारण कशाला न्यायचं?

वेस्टला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला शून्य. घेण्याआधी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: व्हॉल्व्ह सुटा मिळतो का, आणि नळी पाव इंची आहे का. दोन्हीला ‘नाही’ आलं तर पैसे खिशात ठेवा. अमरावती किंवा यवतमाळात सुटे व्हॉल्व्ह ठेवणारं दुकान कोणाला माहीत असेल तर सांगा, जोडातला दुसरा मी भरतीची तयारी सोडून लांबचं धावायला लागलेल्या एका पोराला दिलाय.