ओहम वापरून कापसाचा एक हंगाम: वजाबाकी एकदाची बरोबर झाली

जिनिंगचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ओहम म्हणजे सूत्राचं व्याकरण (नियम) लिहून दिलं की त्याप्रमाणे सूत्राचं झाड, म्हणजे आधी काय करायचं आणि मग काय याची मांडणी, बनवून देणारं टूल. ते पेग पद्धतीचं आहे: नियमाचे पर्याय क्रमाने तपासायचे, पहिला जुळेल तो घ्यायचा. प्रत्येक जागचं उत्तर मेमोत, म्हणजे टिपणात, ठेवून पुन्हा न शोधणं याला पॅकरॅट म्हणतात.

धरणगावकडच्या एका जिनिंगचं काम माझ्याकडे आलं ते एका पावतीमुळे. सूत्र साधं: भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी, वजा कटती (वजनात केलेली कपात). ४८६० − १७२० − ३१, म्हणजे ३१०९ किलो. पावतीवर छापून आले ३१७१. दिवाणजींनी पावती माझ्यासमोर ठेवली, "भाऊ, हाई वजन कसं वाढनं?"

फरक ६२ किलोचा, कटतीच्या बरोबर दुप्पट. आधी १७२० मधून ३१ गेले आणि उरलेले १६८९ मग ४८६० मधून गेले, म्हणजे कटती वजा व्हायच्या ऐवजी जमा झाली. क्विंटलला ७००० रुपये धरले तरी एका गाडीमागे ४३४० रुपये जास्त जातात.

कारण व्याकरणात होतं. जुनं सॉफ्टवेअर पेगच्या ज्या टूलवर बांधलं होतं (नाव घेत नाही), ते लेफ्ट रिकर्शन, म्हणजे बाकी = बाकी '-' पद असा स्वतःच्याच नावाने सुरू होणारा नियम, घेतच नाही. मूळ पेगमध्ये तशी सोयच नाही. पेग मांडणाऱ्या ब्रायन फोर्डच्या २००४ च्या मांडणीत असा नियम बादच ठरतो, कारण 'बाकी' एकही अक्षर न खाता त्याच जागी पुन्हा 'बाकी'लाच बोलावते आणि हे कधी संपत नाही. टूलची तक्रार थांबावी म्हणून कुणीतरी नियम उलटा केला होता: बाकी = पद '-' बाकी | पद (पद म्हणजे एक आकडा, | म्हणजे 'किंवा'). तक्रार थांबली, पण झाड उजवीकडे कललं, म्हणजे उजवीकडची वजाबाकी आधी होऊ लागली. नुसत्या बेरजेत हे कधीच लक्षात येत नाही.

ओहममध्ये नियम सरळ लिहिता येतो: बाकी = बाकी '-' पद | पद. आत चालतं ते वॉर्थ, डग्लस आणि मिलस्टीन यांनी २००८ मध्ये मांडलेलं तंत्र. पहिल्या फेरीत आतली 'बाकी' मुद्दाम नापास केली जाते, म्हणून दुसरा पर्याय लागतो आणि ४८६० हाती येतं. ते मेमोत ठेवून नियम पुन्हा चालवला की ४८६० − १७२० जुळतं. ते ठेवून आणखी एक फेरी, की − ३१ सुद्धा आत येतं. पुढच्या फेरीत लांबी वाढत नाही, तिथे थांबायचं. झाड आपोआप डावीकडे कलतं. पायथन भाषेचा ३.९ पासूनचा पार्सरही (मजकुराचं झाड बनवणारा भाग) असाच बी, म्हणजे आधीच्या फेरीतलं उत्तर, वाढवत जातो, आणि त्याच्या व्याकरणात बेरीज-वजाबाकी अशीच डावीकडून लिहिलेली आहे.

सुरुवातीला मला ही चैन वाटली होती. पद ('-' पद)* (* म्हणजे कितीही वेळा) असं लिहून आलेली यादी डावीकडून दुमडली, म्हणजे एकेक आकडा क्रमाने वजा केला, की उत्तर तेच येतं, मग नवीन टूल कशाला? हंगाम चढला तसं मत बदललं. मालकांना हमाली हवी, तोलाई हवी, कंस हवेत, उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) हवा. प्रत्येक पातळीवर यादी, आणि प्रत्येक यादीमागे दुमडण्याचा वेगळा कोड. नवीन पोरगा त्यातली एक दुमड विसरला की पुन्हा ६२ किलो. ओहममध्ये व्याकरण जसं दिसतं तसंच झाड बनतं आणि हिशेबाचा कोड व्याकरणापासून वेगळा राहतो. आता मी यादीकडे परत जाणार नाही.

पण एक खोट आहे आणि ती मला अजून सलते. बाकी = बाकी '-' बाकी | पद असं दोन्हीकडून लिहिलं, तर टूल निमूट घेतं आणि झाड पुन्हा उजवीकडे! डावीकडची 'बाकी' मेमोतल्या बीवर थांबते. उजवीकडची मात्र नव्या जागी नव्याने सुरू होते आणि उरलेलं सगळं स्वतःच खाऊन टाकते. संगणकशास्त्रज्ञ लॉरेन्स ट्रॅटने २०१० मध्येच हे दाखवलं आहे. गुणाकार-भागाकार असे लिहिले तर गोंधळ निदान लपत नाही: ३४ किलो रुई ÷ १०० किलो कापूस × १०० याचं उत्तर ३४ ऐवजी ०.००३४ येतं आणि कुणीही ओरडतं. वजाबाकी मात्र खरा वाटणारा आकडा देते. ३१७१ काय, ३१०९ काय, काट्यावरच्या माणसाला दोन्ही चालतात. इथे पैशाचा हिशेब आहे, निदान एक इशारा तरी यायला हवा. तो येत नाही, म्हणून व्याकरणाला हात लावला की मी आधी १० − ३ − २ चालवतो. ५ आले तर पुढे, ९ आले तर नियमाच्या उजव्या टोकाला 'पद' आहे का ते बघायचं.

देवनागरी नावं ठेवणाऱ्यांसाठी: ओहमच्या तयार 'अक्षर' (letter) नियमात युनिकोडची फक्त अक्षरं येतात, काना-मात्रा-वेलांटी चिन्हांत मोडतात. 'कटती' हे नाव 'कटत'वर तुटतं. चिन्हांचा गट आपल्या नियमात जोडून घ्या.

वेगाबद्दल तक्रार नाही. लेफ्ट रिकर्शन आलं की पॅकरॅटची सरळ रेषेतल्या वेळेची (मजकूर दुप्पट तर वेळ दुप्पट) हमी उरत नाही हे खरं, पण पावतीचं सूत्र असतं एका ओळीचं. काट्यावरच्या जुन्या संगणकात, ब्राउझरमध्येच सगळं चालतं. परवाना एमआयटी (मुक्त वापराचा), म्हणजे वार्षिक फी नाही. पाचोऱ्याच्या जिनिंगलाही येत्या हंगामात हेच बसवतोय.