२७ इंची क्यूएचडी की ३२ इंची फोर-के? दोन्ही वापरून झाल्यावर

गेमिंगसाठी नवा मॉनिटर घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी दोनच जागी येऊन अडते. २७ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६० × १४४०, घ्यावा की सरळ ३२ इंची फोर-के, म्हणजे ३८४० × २१६०? मी ३२ इंची पाच महिने वापरला आणि आता दोन वर्षं २७ इंचीवर आहे. दोन्हींचं पॅनेल आयपीएस जातीचं, दोन्ही १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे, टेबल तेच, खुर्ची तीच. त्यामुळे मला जो फरक जाणवला तो आकाराचा आणि पिक्सेलांचाच, असं म्हणायला हरकत नाही.

आधी ३२ इंचीची बाजू मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. मोकळ्या जगात भटकायचे जे गेम असतात, त्यांत या मॉनिटरला तोड नाही. क्यूएचडीवर दूरच्या खांबांमधल्या विजेच्या तारा कॅमेरा वळला की तुटक तुटक होतात, लुकलुकतात. जाळीचं कुंपण असेल तर ते अक्षरशः उकळल्यासारखं हलतं. फोर-केवर तीच तार एकसंध रेघ राहते. गवताच्या पात्यांचं तसंच. हिशेबात सांगायचं तर ३२ इंची फोर-केवर इंचाला साधारण १४० पिक्सेल बसतात आणि २७ इंची क्यूएचडीवर १०९. पण खरं सांगायचं तर हा आकडा मी नंतर पाहिला. पहिल्या रात्री मी फक्त एका टेकडीवर उभा राहून खालची दरी बघत बसलो होतो, मिशन तसंच पडून होतं.

वाचायलाही फोर-के उत्तम. ‘सर्वांत’सारखा शब्द घ्या. त्यातला रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. कमी पिक्सेलांच्या मॉनिटरवर लहान अक्षरांत त्या दोघांचा एकच ठिपका होतो. ३२ इंची फोर-केवर स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं मोठी करण्याचं प्रमाण, १५० टक्क्यांवर ठेवलं की दोन्ही वेगळे, टोकदार दिसतात. दिवसा त्याच मॉनिटरवर काम करणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

‘ग्राफिक्स कार्डाला झेपेल का’ हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही असं मला वाटतं. क्यूएचडीत सुमारे ३७ लाख पिक्सेल, फोर-केत ८३ लाख. म्हणजे सव्वादोन पट ओझं. पण डीएलएसएस या एनव्हिडियाच्या चित्र ताणण्याच्या तंत्राचा क्वालिटी मोड लावला की फोर-केचा गेम आतून १४४०पीवरच, म्हणजे क्यूएचडीवरच, रंगवला जातो आणि मग वर ताणला जातो. एएमडीच्या एफएसआरचंही तेच. मधल्या दर्जाच्या कार्डावरसुद्धा बरेच गेम असे सुखाने चालतात, आणि ताणलेलं फोर-के हे साध्या क्यूएचडीपेक्षा बहुतेक वेळा सरसच दिसतं. कार्डाचा पंखा मात्र जास्त गरगरतो आणि तीन-चार वर्षांनी येणाऱ्या गेमपुढे तेच कार्ड लवकर धापा टाकू लागेल, एवढं मनाशी धरावं.

आणखी एक गोष्ट फोर-केच्या बाजूने. एखादा गेम जड गेला आणि १०८०पीवर, म्हणजे १९२० × १०८० वर, उतरावं लागलं, तर फोर-केत तो हिशेब नेमका बसतो: एका पिक्सेलाच्या जागी चार, दोन आडवे, दोन उभे. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये इंटीजर स्केलिंग, म्हणजे पूर्ण पटीत ताणणं, सुरू केलं की चित्र जाडंभरडं दिसतं, पण कडा स्वच्छ राहतात. क्यूएचडीवर १०८०पी चालवायचं तर एका पिक्सेलाला १.३३ पिक्सेलांची जागा येते. ते पाऊण-सव्वा करत वाटलं जातं आणि सगळं चित्र चष्मा पुसायला हवा असं दिसतं. म्हणून क्यूएचडी घेणाऱ्याने गेमचं रेझोल्यूशन खाली आणू नये, सावल्या आणि प्रतिबिंबं कमी करावीत. किंवा डीएलएसएस, एफएसआर वापरावं.

एवढं सगळं असून मी ३२ इंची का काढून टाकला?

नकाशामुळे. गेमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जो छोटा गोल नकाशा असतो, त्यामुळे.

माझं टेबल ६० सेंटिमीटर खोल आहे. मॉनिटरच्या स्टँडचा पाय त्यातले वीसेक सेंटिमीटर खातो. पुढे कीबोर्ड, माउस, मनगट टेकायला थोडी जागा. मी सरळ बसलो की डोळे आणि पडदा यांत ५५ सेंटिमीटर उरतात, गेम रंगात आला आणि पुढे झुकलो की त्याहूनही कमी. ३२ इंची पडदा ७० सेंटिमीटर रुंद असतो आणि २७ इंची ६०. म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त पाच-पाच सेंटिमीटरचा फरक. कागदावर हे काहीच वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

पण शूटर, म्हणजे गोळीबाराच्या, गेममध्ये नजर मध्यावरच्या फुलीवर खिळलेली असते आणि नकाशाकडे आपण बघत नाही, तो डोळ्याच्या कडेने टिपतो. लाल ठिपका चमकला, डावीकडून कोणीतरी येतंय, एवढं कळायला नुसती बुबुळं हलली तरी पुरतं. २४ इंचीवर वर्षानुवर्षं माझं तेच चाललं होतं आणि ती आपली सवय आहे हेही मला ठाऊक नव्हतं. ३२ इंचीवर तो ठिपका टिपायला मान हलवावी लागायला लागली. फार नाही, अगदी थोडी. पण मान हलली की नजर परत फुलीवर येऊन स्थिरावायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात समोरचा खेळाडू दारातून आत आलेला असतो. उजव्या खालच्या कोपऱ्यातला गोळ्यांचा आकडा तर मी बघायचाच सोडून दिला होता. रिकामं मॅगझिन घेऊन कोपऱ्यावरून वळायचं, हे रोजचंच होऊन बसलं.

पहिले दोन आठवडे वाटलं, सवय होईल. मग इलाज सुरू केले. काही गेममध्ये कडेच्या सगळ्या गोष्टी आत ओढून घेण्याची सोय असते, ती वापरली. त्या गेमपुरता प्रश्न सुटला. पण मी नियमित खेळतो त्यातल्या निम्म्याअधिक गेममध्ये ती सोय नाही, किंवा नकाशा सरकतो आणि गोळ्यांचा आकडा तिथेच राहतो. मग क्यूएचडीचा चौकोन मधोमध ठेवून भोवती काळी पट्टी असं करून पाहिलं. तो चौकोन भरतो अवघा २१ इंचांचा. मोठा मॉनिटर घेऊन जुन्याहूनही लहान चित्र बघायचं, हे मनाला पटेना. शेवटी स्टँड काढून मॉनिटर आर्म बसवला आणि पडदा भिंतीला टेकवला. दहा सेंटिमीटर मिळाले. बरं वाटलं, पण तेवढ्याने भागलं नाही.

आर्म लावताना एक हिशेब लक्षात आला आणि माझं मन तिथेच फिरलं. ३२ इंची पडदा ८० सेंटिमीटरवर नेला तर तो डोळ्याला २७ इंची पडदा साधारण ६९ सेंटिमीटरवर ठेवल्याएवढाच दिसतो. अंतर वाढवलं की भव्यपणा गेला. शिवाय चांगल्या नजरेला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढं बारीक वेगळं दिसतं असं धरलं, तर २७ इंची क्यूएचडीचे पिक्सेल ८० सेंटिमीटरच्या आसपास दिसेनासे होतात आणि ३२ इंची फोर-केचे ६२ च्या आसपास. म्हणजे मोठा मॉनिटर मागे ढकलत जावं तसतशी त्याच्या जादा पिक्सेलांची किंमतही कमी होत जाते. पूर्ण नाही, पण बरीच. ज्या दोन गोष्टींसाठी तो घ्यायचा, त्या दोन्ही गोष्टी नकाशा दिसावा म्हणून सोडायच्या. मग २७ इंचीच का नको?

२७ इंची आणला त्या दिवशी पडदा लहान वाटला, हे कबूल करतो. दोन दिवस दरीतला तो देखावा आठवत होता. तिसऱ्या दिवशी एका सामन्यात डावीकडून येणारा ठिपका मला मान न हलवता दिसला, मी वळलो आणि मग पुन्हा कधी मॉनिटरचा विचार मनात आला नाही. माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवूनही अक्षरं वाचता येतात, त्यामुळे जुने स्ट्रॅटेजी गेमही नीट चालतात. फोर-केवर त्या जुन्या गेममधली बटणं मुंगीएवढी व्हायची आणि त्यांना मोठं करायची सोयच नसायची. आणि माझं कार्ड आता सेकंदाला १४४ फ्रेम्सच्या, म्हणजे चित्रांच्या, जवळपास फिरतं. फोर-केवर ते ८०-९० ला दमायचं.

कडेच्या पर्यायांबद्दल थोडक्यात.

२४ इंची १०८०पी फक्त स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यासाठी आजही चुकीचा नाही. काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडू २४-२५ इंचीवरच बसतात, आणि त्याचं कारण मला आता नीट कळतं: सगळा पडदा एका नजरेत मावतो. पण बाकीचे गेमही खेळणार असाल तर तो लवकर अपुरा वाटेल.

२७ इंची १०८०पी मात्र शक्यतो टाळा. मामेभावाकडे आहे, त्यावर मी बराच खेळलो आहे. पिक्सेल तेवढेच, फक्त फुगवलेले, इंचाला जेमतेम ८२. दूरचा शत्रू मोठा दिसतो, स्पष्ट दिसत नाही. २४ इंचीवर ज्या सहा ठिपक्यांचं त्याचं डोकं होतं, तेच सहा ठिपके इथे जाड होऊन येतात.

३२ इंची क्यूएचडीत इंचाला ९३ पिक्सेल, म्हणजे दाटीच्या बाबतीत तो २४ इंची १०८०पीचाच मोठा भाऊ. लांब बसून कंट्रोलरवर खेळणाऱ्याला चालेल. टेबलावर जवळ बसणाऱ्याला त्यात माझी अडचण सगळी मिळेल आणि फोर-केचा फायदा मिळणार नाही.

३४ इंची अल्ट्रावाइड, ३४४० × १४४०, हा वेगळाच नाद आहे. उंची २७ इंचीएवढीच, रुंदी ८० सेंटिमीटर. गाड्यांच्या शर्यतीत आणि विमानाच्या गेममध्ये मी त्यावर हरखून गेलो होतो. काही गेममध्ये मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, आणि नकाशा अगदी टोकाला जाऊन बसला तर माझी तक्रार तिथे आणखी वाढते.

मुख्य खेळ कन्सोलवर असेल तर माझं सगळं मत उलटं धरा. प्लेस्टेशन ५ ला १४४०पी द्यायला सप्टेंबर २०२२ उजाडला, यावरूनच ते यंत्र कोणत्या पडद्याचा विचार करून बनवलंय ते कळतं. तिथे माणूस मागे रेलून बसतो, हातात कंट्रोलर असतो, टेबलाची खोली मध्ये येत नाही. ३२ इंची फोर-के घ्या, फक्त त्याला एचडीएमआय २.१ ची जोडणी असल्याची खात्री करा. २.० वर फोर-के ६० हर्ट्झपुढे नीट सरकत नाही.

कोणताही घेतलात तरी जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे तो हर्ट्झचा आकडा, स्वतः तपासा. बरेचदा तो ६० वरच बसलेला असतो. मीही दोन दिवस तसाच खेळलो होतो.

आणि घेण्याआधी एक पुठ्ठ्याचा खोका मोडा. एक तुकडा ७० × ३९ सेंटिमीटरचा कापा, दुसरा ६० × ३४ चा. दोन्हींवर खालच्या डाव्या कोपऱ्यात, नकाशा जिथे येतो तिथे, पेनाने एक छोटा आकडा लिहा. तो दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलात तर उत्तमच, म्हणजे आधीच ठाऊक असणार नाही. पुठ्ठा टेबलावर जिथे पडदा येणार तिथे थोडा उंच उभा करा. भिंतीला टेकवू नका, स्टँडचा पाय मागे जागा घेतो हे लक्षात ठेवा. मग खेळताना बसता तसे बसा, थोडे पुढे झुकून, मधल्या एका ठिपक्यावर नजर ठेवा आणि मग मान न हलवता, नुसती बुबुळं फिरवून तो आकडा वाचून पाहा. मोठ्या पुठ्ठ्यावरचा आकडा सहज वाचता आला, तर तुमचं टेबल माझ्या टेबलापेक्षा खोल आहे. मग ३२ इंची फोर-के घ्यायला मी तुम्हाला अडवणार नाही.