कानातली शिट्टी घालवतो म्हणाले आणि ४६,४९९ रुपये घेऊन गेले

डाव्या कानात रात्रंदिवस बारीक शिट्टी वाजत असली, झोप उडाली असली की ‘ध्वनिउपचाराने ९० दिवसांत पूर्ण बरे’ ही जाहिरात माणूस उघडतोच. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: फोन, व्हिडिओ कॉल, ‘आजच भरलेत तर सवलत’. हेडफोन आणि ‘खास तुमच्या कानासाठी’ संगीत ३८,५००, अ‍ॅपची वर्गणी ७,९९९. सगळे यूपीआयने.

तो कॉलच आठवून अजून संताप होतो. त्यांचं म्हणणं, तुमच्या शिट्टीच्या पट्टीजवळचे स्वर गाळून संगीत बनवतो. मग ती पट्टी आधी शोधायला नको? ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, एकेक सूर ऐकवून ती शोधतात. कॉलवरच्या बाईंनी फक्त विचारलं, “डावा की उजवा?” आणि कॉल संपायच्या आत फाइल आली! पण महिनोन् महिने न झोपलेल्या माणसाला ते कसं सुचणार? अंगात पांढरा कोट, बोलणं डॉक्टरांसारखं. कुणीही विश्वास ठेवला असता.

भाचा रेकॉर्डिंगचं काम करतो. त्याने फाइल तपासली: एकही स्वर गाळलेला नाही, नुसता पावसाचा आवाज. तो मोबाइलवर फुकट मिळतो. मंद आवाज लावला की शिट्टी मागे पडते, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही आराम पडतो, हे खरं आहे. पण ‘मुळापासून बरे करतो’ म्हणाले की फोन ठेवा.

एकाच कानात आवाज असेल तर आधी ईएनटीकडे जा. क्वचित ऐकण्याच्या नसेवरची गाठही निघते. या लोकांपायी माझी ती तपासणी लांबली.

पैसे परत मागितले तर “तुम्ही नियमित ऐकलं नाहीत.” पोलीस ठाण्यात “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” सायबरवाले म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. एक साहेब म्हणाले, “कानात आवाज काय, सगळ्यांच्याच येतो.” त्याच जाहिरातीत बहिरेपणाही बरा करू असं छापलं होतं, आणि औषधांच्या तसल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कागद टेबलावर ठेवला, कुणी उचलूनही पाहिला नाही. आजारी माणसाला लुटणं हा गुन्हाच नाही का यांच्या लेखी?

जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, माझ्या तक्रारीनंतर ती गायब झाली. ऑडिओलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. एवढं साधं मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही.