बाहेर गाडी, आत बस: तीन महिने वापरल्यावर

मी शिवणकाम करते. अस्तर, रिळं, चेन, बटणं, इलास्टिक आणायला आठवड्यातून दोनदा बाजारात जावंच लागतं आणि येताना दोन्ही हात भरलेले असतात. त्यामुळे बाजाराबाहेरच्या मोठ्या वाहनतळावर गाडी लावायची आणि तिथून छोट्या बसने आत जायचं, ही सेवा सुरू झाली तेव्हा पहिले सहा आठवडे मी तिकडे फिरकलेही नाही. कापडाचं गाठोडं घेऊन बसमध्ये कोण चढणार? आता सलग तीन महिने वापरते आहे, म्हणून लिहिते.

मला तिकडे वळवलं ते एका सकाळने. मुख्य चौकातून आत वळले, पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही, दुसऱ्या फेरीत एक जण खिशातून किल्ली काढताना दिसला. इंडिकेटर लावून थांबले. तो गाडीत बसला, आरसा नीट केला आणि फोनवर बोलत राहिला. माझ्यामागे पाच गाड्या, त्यांच्यामागे एक रुग्णवाहिका. मला ना पुढे जाता येत होतं, ना बाजूला होता येत होतं. त्या दिवशी जागा शोधण्यात २२ मिनिटं गेली आणि खरेदीला ९. रुग्णवाहिकेचा तो आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर मी या विषयावर थोडं वाचलं. डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेस्टवुड व्हिलेज या छोट्या बाजारपेठेत सायकलवर फिरून मोजणी केली. रस्त्याकडेच्या जागा होत्या ४७०. रिकामी जागा सापडायला सरासरी ३.३ मिनिटं लागत होती. ऐकायला काहीच नाही. पण एवढ्याशा शोधाशोधीची वर्षाची बेरीज सुमारे १५ लाख किलोमीटर भरली! कुठेही न पोचणाऱ्या गाड्यांचं हे अंतर आहे. मी स्वतः त्या गर्दीचा भाग होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आता सेवेबद्दल. बसची पायरी खाली आहे, गुडघे दुखणाऱ्या माझ्या सासूबाई आधाराशिवाय चढतात. ड्रायव्हरच्या मागे सामानासाठी मोकळी जागा सोडली आहे, त्यात माझं गाठोडं उभं राहतं आणि कोणाच्या पायात येत नाही. सकाळी दर १० मिनिटांनी बस आहे, त्यामुळे वेळापत्रक बघावं लागत नाही. गेलं, उभं राहिलं, बस आली. माझ्या मते या सेवेचा जीव या १० मिनिटांतच आहे. दुपारी हेच अंतर २५ मिनिटांवर जातं आणि तेव्हा थांब्यावरची माणसं चुळबुळ करत परत गाडीकडे वळताना मी पाहिली आहेत. दुपारी गर्दी कमी म्हणून बस कमी केल्या, हे कारण मला पटत नाही. बस कमी केल्या की माणसं येत नाहीत आणि माणसं येत नाहीत म्हणून बस आणखी कमी होतात.

दुसरी अडचण मोठी आहे. बाजाराच्या तोंडाशी बस त्याच कोंडीत अडकते, जी टाळायला आपण बसमध्ये बसलो. साडेअकराच्या सुमाराला मालाचे ट्रक तिथेच उभे करून माल उतरवून घेतात. मागच्या आठवड्यात मी शेवटच्या दोनशे पावलांसाठी १४ मिनिटं खिडकीतून पुठ्ठ्याची खोकी मोजत बसले होते. शेवटी सगळे उतरून चालत गेलो. माल तर यायलाच हवा, माझी रिळंही त्याच ट्रकमधून येतात. पण दुकानं उघडण्याआधी उतरवला, तर कोणाचंच अडणार नाही.

आतल्या पार्किंगचंही तसंच. ते दिवसभर फुकट आहे, त्यामुळे सकाळी नऊला लागलेली गाडी रात्रीच हलते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या दुकानदारांच्या आणि त्यांच्या कामगारांच्याच. मी ज्यांच्याकडून अस्तर घेते ते म्हणाले, "ताई, दारासमोर गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार कसं?" त्यांची काळजी खरी आहे, धंदा त्यांचा आहे. पण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला हाच प्रश्न तपासला होता. दुकानदारांना वाटत होतं ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं, प्रत्यक्षात निघालं २२ टक्के. मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माझी गाडी तरी मागे लावून बघतो."

ऑक्सफर्डमध्ये अशी सेवा १९७३पासून कायमची सुरू आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगननं तर १९७७मध्ये मध्यवस्तीचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या रस्त्याला जाऊन वळसा घ्यावा लागतो. पायी, सायकलने आणि बसने मात्र सरळ जाता येतं. म्हणजे बाहेर वाहनतळ बांधून काम संपत नाही, आत थेट गाडी नेणं थोडं अवघडही करावं लागतं. आमच्या सेवेत हा दुसरा भाग अजून आलेला नाही.

एक गोष्ट मनाला लागते. माझी एक मैत्रीण आधी घरापासून थेट साध्या बसने बाजारात यायची. आता ती गाडी काढते, वाहनतळावर लावते आणि ही बस पकडते, कारण तिच्या बाजूची बस तासाला एकच उरली आहे. बाजारातली एक गाडी कमी झालीच नाही, बाहेरच्या रस्त्यावर एक वाढली. तिचा यात काहीच दोष नाही. साध्या बस टिकवल्या नाहीत तर नवी सेवा कितीही चांगली असली तरी अपुरीच पडेल.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दुपारच्या बस वाढवल्या तर चार आणि ट्रकची वेळ बदलली तर पूर्ण पाच देईन. या दोन्ही सूचना मी तीन वेळा लिहून दिल्या आहेत. सूचनांची वही ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या खणात असते, मागितली की लगेच देतात. तुम्ही या बसने जात असाल तर त्यात तारीख आणि वेळ घालून लिहा.