ओरखडा नसलेली सायकल: माझे ८२,००० रुपये कसे गेले

माझे ८२,००० रुपये गेले, आणि ज्या टेम्पोतून ही फसवणूक घरपोच आली त्याचे ८५० रुपये भाडेही मीच मोजले. हे लिहिताना लाज वाटते, कारण गेली एकोणीस वर्षे मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. मुलांच्या हातात व्हर्निअर कॅलिपर देऊन ‘डोळ्यांवर जाऊ नका, माप घ्या’ असे दरवर्षी बजावणारा मी, स्वतःच्या पैशांची वेळ आली तेव्हा माप न घेता मोकळा झालो. हे चारचौघांत सांगू नका, असे घरच्यांचे म्हणणे होते. तरीही सांगतो आहे.

मला हवी असलेली सायकल सांगायला सोपी आणि मिळायला अवघड आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर मी आठ वर्षे एका हायब्रिड सायकलीवर जात होतो. तिचे टायर अरुंद, पुढचे चाक धरणारा फोर्क कडक, आणि मुरमाच्या उतारावर पुढचे चाक सरकले की कोपर थेट कातळावर. टेकडीवरच्या वाटा, पावसाळ्यानंतर मावळातल्या धरणांच्या काठच्या गाडीवाटा आणि तिथवर पोहोचवणारा डांबरी रस्ता, हे सगळे एकाच सायकलीवर व्हावे अशी इच्छा होती. शर्यतीची क्रॉस-कंट्री सायकल चढाला हलकी असते, पण तिचे हँडल खाली आणि पुढच्या नळीचा कोन उभा असल्यामुळे उतारावर माणूस चाकावरून पुढे ओढला जातो. मागेही सस्पेन्शन असलेली सायकल उतारावर सुखाची खरी, परंतु मागचा शॉक आणि सांध्यांतली बेअरिंगे आपल्याकडच्या चिखलात राखायची म्हणजे दरवर्षीचा वेगळा खर्च. म्हणून मी ट्रेलची, म्हणजे डोंगरवाटांवरची, हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) ठरवली: पुढे १४० मि.मी. दबणारा हवेचा फोर्क, २९ इंची चाके, २.४ इंच रुंद ट्यूबलेस टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे एकच चक्र, मागे १० ते ५१ दातांची बारा चक्रांची कॅसेट, आणि उतार आला की हँडलवरचा खटका दाबून सीट खाली नेणारी ड्रॉपर सीटपोस्ट. हवेच्या फोर्कचा हट्ट एवढ्यासाठी की माझे वजन ८४ किलो आहे. त्यात पंपाने हवेचा दाब कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला जुळवता येतो. स्प्रिंगच्या स्वस्त फोर्कला नुसती वरची घुंडी पिळता येते आणि त्याने फारसे काही होत नाही. अशी सायकल नवी घ्यायची तर माझ्या हिशेबाने १,३०,००० रुपयांच्या आत बसत नव्हती, आणि म्हणून मी जुन्याच्या वाटेला गेलो.

मी काही भोळा माणूस नाही. ‘लष्करात बदली झाली आहे, सामान आधी पाठवतो’, ‘क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे तुम्हालाच पैसे येतील’ असले प्रकार मला दुरून कळतात, आणि अशा तीन जाहिराती मी त्या महिन्यात बाजूला टाकल्या होत्या. हा विक्रेता प्रत्यक्ष भेटला. गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला, शहराच्या वेशीवरच्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या वाहनतळात, त्याने गडद हिरव्या रंगाची, मध्यम मापाची, माझ्या पाच फूट सात इंचांना नेमकी बसणारी सायकल माझ्या हातात दिली. मी ती दहा मिनिटे चालवली. फोर्कच्या डाव्या पायावरची टोपी उघडून आत हवेचा व्हॉल्व्ह पाहिला, मागची चक्रे बोटाने मोजून बारा भरली, ड्रॉपर चार वेळा खालीवर केला, पुढच्या चाकाचा १५ मि.मी. जाडीचा थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड आस, पाहिला, पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे ढकलली आणि हेडसेटमध्ये, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगांत, ढिलाई नाही याची खात्री केली. हे सगळे मुद्दाम लिहितो, कारण ‘नीट बघून घ्यायला काय झाले होते?’ असे मला आतापर्यंत किमान दहा जणांनी विचारले आहे. नीटच बघितले होते. बघितलेली सायकल उत्तम होती.

त्या सायकलीच्या डाव्या चेन-स्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, चार बोटे लांबीचा ओरखडा होता. रंग निघून आतला ॲल्युमिनिअम दिसत होता. तो दाखवून मी किंमत पाडली. जाहिरातीतले ९५,००० आधी ८५,००० वर आले, आणि ओरखड्याचे म्हणून आणखी ३,००० सुटले. सौदा ८२,००० ला ठरला तेव्हा आपण फार हुशारी केली असे मला वाटले.

सायकल तेव्हाच घेऊन निघायला हवे होते. थ्रू-ॲक्सल सोडवून पुढचे चाक काढायला मिनिटभर लागते, मागचे काढायला आणखी एक, आणि दोन चाके व सांगाडा मोटारीच्या मागच्या सीटवर आरामात राहतात. परंतु मोटारीला आठवड्यापूर्वी नवी सीटकव्हरे घातली होती, साखळीला काळे वंगण होते, आणि निघताना सौभाग्यवतींनी ‘अहो, ती सायकल गाडीत कोंबू नका हं’ असे सांगितले होते. मी रेंगाळतो आहे हे त्याने ओळखले. “सर, एवढी महागाची वस्तू अशी कशाला नेता? सर्व्हिसिंग करून, नवे ब्रेक पॅड टाकून, व्यवस्थित पॅक करून मंगळवारी तुमच्या दारात पोहोचवतो. आत्ता फक्त सात हजार द्या.” मी यूपीआयने ७,००० पाठवले. पडद्यावर नाव वेगळेच आले, तेव्हा म्हणाला, मेव्हण्याचे खाते आहे, माझे केवायसी अडकले आहे. मेव्हण्याच्या खात्यात पैसे मागणाऱ्या माणसासमोरून तिथल्या तिथे उठून यावे. रविवारी ‘दुसरे गिऱ्हाईक पूर्ण पैसे घेऊन बसले आहे’ असा फोन आला आणि मी आणखी २५,००० दिले, ते तिसऱ्याच नावावर. बिल मागितले तर घर बदलत असल्यामुळे ते खोक्यात आहे, असे उत्तर मिळाले.

मंगळवारी रात्री नऊ वाजता टेम्पो आला. सायकल पुठ्ठा आणि बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, मागचे चाक तर संपूर्ण झाकलेले, सीट आणि सीटपोस्ट वेगळ्या खोक्यात बंद. चालकाला पुढची फेरी होती, तो इंजिन बंद करायलाही तयार नव्हता, आणि विक्रेता फोनवर होता: “उरलेले टाका सर, म्हणजे त्याला उतरवायला सांगतो.” चेन-स्टेपाशी पुठ्ठा फाटला होता. मी मोबाइलचा उजेड पाडून ओरखडा शोधला आणि तो मला सापडला नाही.

या क्षणाकडे मी रोज परत जातो. धातूपर्यंत गेलेला ओरखडा पॉलिशने निघत नाही. त्याला घासून प्रायमर आणि रंग द्यावा लागतो, आणि दिलेला रंग आजूबाजूच्या रंगाशी बेमालूम जुळत नाही, हे पृष्ठप्रक्रियेच्या धड्यात मी स्वतः फळ्यावर लिहितो. त्या नळीवर मूळचा, अखंड, गुळगुळीत रंग होता. आणि माझ्या मनात काय आले? ‘वा, बिचाऱ्याने ओरखडाही घालवून दिला.’ मला आनंद झाला! पुढच्या चाकाशी क्विक-रिलीजचा, म्हणजे बारीक आसाचे चाक झटकन सोडवायचा, खटका पुठ्ठ्यातून बाहेर डोकावत होता, जो मी पाहिलेल्या थ्रू-ॲक्सलच्या सायकलीला नव्हता, आणि तोही मी पाहिला. पाहून ५०,००० रुपये पाठवले. टेम्पोचे ८५० त्यानंतर.

घरात आणून पुठ्ठा काढला. त्याच हिरव्या रंगाची, त्याच मापाची, वेगळीच सायकल. मागे नऊ चक्रे, खोक्यात साधी सीटपोस्ट, फोर्कवर आदल्या सायकलीसारखे दिसणारे स्टिकर आणि वर हवेच्या व्हॉल्व्हऐवजी स्प्रिंगची घुंडी. आता कॅलिपर काढला: फोर्कच्या नळ्या ३० मि.मी., जिथे त्या ३५ असायला हव्या होत्या. तो जेमतेम १०० मि.मी. दबतो. नेहमीच्या दुकानातल्या अण्णांनी सायकल पालथी केली, पॅडलांचा आस बसतो त्या तळाच्या ब्रॅकेटखाली बोट फिरवले आणि विचारले, “सर, तुम्ही पाहिलेल्या सायकलीचा नंबर कुठाय?” फ्रेमचा क्रमांक तिथे कोरलेला असतो आणि मी त्याचा फोटो काढलेला नव्हता. सायकलीची नोंदणी आपल्याकडे नसते, तिला आरसी पुस्तक नाही; तो कोरलेला क्रमांक हीच तिची एकमेव ओळख, आणि मी गिअरचे सहा फोटो काढून तेवढे सोडून दिले होते. आलेल्या सायकलीचे अण्णांनी २४,००० ते २६,००० रुपये सांगितले, तेही मला बरे वाटावे म्हणून थोडे चढवून, असा माझा संशय आहे.

बुधवारी सकाळी १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवून मी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा क्रमांक पहिल्या तासातच फिरवावा. मी रात्रभर विक्रेत्याला फोन करत बसलो आणि तेवढ्यात खाती रिकामी झाली. ठाण्यातल्या अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “सायकल मिळाली ना?” मिळाली, पण वेगळी. “मग वस्तूच्या दर्जाचा वाद झाला. दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.” मी म्हणालो की एक वस्तू दाखवून पैसे घेणे आणि मुद्दाम दुसरीच पाठवणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे. त्यावर सायकल ज्या संकुलात पाहिली ते त्यांच्या हद्दीत येत नसल्याचे त्यांना आठवले. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते, हे मी छापून नेले होते. “सर, तुम्ही वकील आहात का?” नाही, शिक्षक आहे. “मग शिकवा की.” शेजारचे दोघे हसले. अर्जावर आवक शिक्का मारून देण्यासाठी मला पावणेदोन तास बाकावर बसवले.

दुसऱ्या हद्दीतल्या ठाण्याने सांगितले की सायकल तुमच्या दारात स्वीकारलीत, पैसेही तिथूनच दिलेत, म्हणजे घटना तिकडची. गृहसंकुलाच्या कार्यालयात गेलो तर तो फ्लॅट दिवसाच्या भाड्याने दिला जातो असे कळले. कॅमेऱ्याचे चित्रण पोलिसांचे पत्र असेल तरच देऊ, आणि पंधरा दिवसांनंतर ते पुसले जाते. हे ठाण्यात सांगितले तेव्हा उत्तर आले, “तुम्ही चित्रण आणा, मग बघू.” पंधरा दिवस या दोन दारांमध्येच संपले. बँकेने लेखी कळवले की व्यवहार मी स्वतः पिन टाकून केले आहेत, त्यामुळे त्यांची जबाबदारी नाही. जाहिरातीच्या ॲपवर तक्रार केली तर ‘हे खाते अस्तित्वात नाही’ असे यंत्राचे उत्तर. ग्राहक आयोगाकडे जावे तर वकील म्हणाले, जुनी वस्तू विकणारी खासगी व्यक्ती ही व्यापारी ठरत नाही, तिथे अर्ज टिकणे कठीण. म्हणजे पोलिसांच्या मते मी ग्राहक, ग्राहक कायद्याच्या मते मी ग्राहक नाही, आणि ८२,००० रुपये घेणारा माणूस कोणाच्याच मते कोणीच नाही. वरिष्ठांना कलम १७३(४) प्रमाणे टपालाने पाठवलेल्या अर्जाची पोच आली आहे. पोच एवढीच आली आहे.

ही सायकल मी टेकडीवर नेऊन पाहिली. ८४ किलोंखाली स्प्रिंग पहिल्याच पायरीवर तळाला टेकते, पुढचा भाग खाली बसतो आणि उतारावर वजन हँडलवर येते. जुन्या खाणीच्या बाजूच्या उतारावर मी उतरून चालत गेलो. जुनी सायकल घेणाऱ्याने भर दिवसा जावे, एक ॲलन चावी आणि कॅलिपर खिशात ठेवावा, पाहिली तीच सायकल त्याच वेळी घेऊन निघावे, आणि विक्रेत्याने फुकट सर्व्हिसिंगचा शब्द काढला की सौदा मोडावा. सीटकव्हरे धुता येतात. आमची तर पुढच्याच महिन्यात धुतली.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली, किंमत ८९,०००. मी पडद्याचे चित्र छापून ठाण्यात नेले. अंमलदारांनी ते पाहिले आणि समजुतीच्या स्वरात सांगितले की माझा अर्ज चौकशीवर आहेच, या जाहिरातीबद्दलचा अर्ज ज्याची फसवणूक होईल त्याने द्यायचा असतो. गडद हिरवी, मध्यम मापाची सायकल आहे. चौथ्या फोटोत डाव्या चेन-स्टेवरचा ओरखडा स्पष्ट दिसतो.